पाहुण्यांसाठीचं मलम

हे सगळं घडलं १९८३ साली. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या रुग्णालयात नवा मायक्रोस्कोप आला होता आणि कितीतरी महिने आमच्या विभागप्रमुख साहेबांनी त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. मी त्या विभागातली सगळ्यांत धाकटी डॉक्टर. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे आणि भिंगाखाली बघून रोगाचं नाव सांगायचं, हे आमच्या विभागाचं काम. रोगी आमच्याकडे कधी येत नसे, त्याचा तुकडा येई. साहेब म्हणत, "बरंच आहे. तुकडा खोटं बोलत नाही आणि कुरकुर करत नाही."

घरातही मी धाकटीच. 'धाकटी' हेच माझं नाव पडलं होतं. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच मला वाढवलं, शिकवलं, आणि मी डॉक्टर झाले त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "धाकटे, आता तरी नखं वेळच्या वेळी कापत जा."

ताई एका मोठ्या हॉटेलात चादरींच्या खोलीची मुख्य होती. तळमजल्यावरची ती लांबट खोली मला अजून डोळे मिटले की दिसते. भिंतभर फळ्या, फळ्यांवर चादरी, अभ्रे, टॉवेल, आणि सगळ्या घड्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या एका रेषेत. इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास. मालक तपासणीला येणार असले की इतर खात्यांत धावपळ उडायची. ताईच्या खोलीत नाही. तिथे रोजच तपासणी असल्यासारखं असे. तिचा एक नियम मात्र नव्या मुलींच्या पचनी पडत नसे. चादरीवर डाग पडला, तर तो आपण धुवायचा नाही. पाणीसुद्धा लावायचं नाही. जशी असेल तशी चादर तिच्यासमोर आणायची. मुली घाबरून आधी नळाखाली धरत आणि मग बोलणी खात. "अगं, अर्धवट धुऊन आणलीस तर मला कसं कळायचं डाग चहाचा की रक्ताचा की शाईचा? आणि कळलंच नाही तर काढू कशाने, तुझ्या अश्रूंनी?"

हा झाला हॉटेलातला नियम. घरचा नियम वेगळा, तो आईकडून आलेला: चांगलं ते पाहुण्यांसाठी. चांगल्या कपबश्या वरच्या फडताळात, चांगला टॉवेल पेटीत, वासाचा साबण कागदासकट. आम्ही मुली कान तुटलेल्या कपातून चहा पीत मोठ्या झालो. आई गेली, पण वरचं फडताळ राहिलं.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मोटार चालवायला शिकवायचे. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता, आणि त्यांचं जगाविषयीचं सगळं तत्त्वज्ञान त्या ब्रेकमधून निघालेलं. ताई बोलायला लागली की ते जमिनीवर पाय दाबून दाखवत. "मेहुणीबाई, बघा. लागत नाही."

तर त्या वर्षाच्या सुरुवातीला एका रविवारी ताई माझ्या खोलीवर आली होती. माझ्या धांदरटपणामुळे किटली कलंडली आणि उकळता चहा तिच्या मांडीवर सांडला. मी तिला ओढत न्हाणीघरात नेलं, तिचे कपडे वर केले आणि पाण्याची बादली ओतली. भाजलं फारसं नव्हतं. पण पाणी ओतता ओतता माझा हात थांबला.

मांडीच्या मागच्या बाजूला आणि कमरेखाली चट्टे होते. वेडेवाकडे, नकाशातल्या देशांसारखे. काही विटकरी, काही तांब्याच्या भांड्याच्या रंगाचे. त्यांच्यावरची कातडी पातळ आणि बारीक सुरकुतलेली, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या पतंगी कागदासारखी. एका चट्ट्याची कड मात्र जाड, बोटाला लागेल इतकी उठलेली होती.

"हे कधीपासून?"

"झाली तीन-चार वर्षं. इसब आहे. आणि बघतेस काय अशी? भाजलंय तिथे बघ."

"खाजतं?"

"खाजतं म्हणजे! चादरी मोजताना कपाटाच्या कोपऱ्याला पाठ घासते मी, गाईसारखी. मलमवाल्या डॉक्टरांकडे जाते की दर दोन-तीन महिन्यांनी. त्यांनी दिलंय मलम."

इसब मी पाहिलं होतं. इसब कोपराच्या, गुडघ्याच्या वळणात येतं, हातापायांवर येतं, ओलं होतं, खपली धरतं. हे चट्टे उन्हाचा कधी स्पर्श न झालेल्या जागी होते आणि वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडून बसले होते. आमच्या पुस्तकात एक रोग होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या पेशी बिघडतात आणि काखेतल्या, मानेतल्या गाठींत वाढायच्या सोडून कातडीत येऊन राहतात. कातडीचा कर्करोगच तो, पण गोगलगाईच्या चालीचा. आधी असे चट्टे, मग जाड थर, मग गाठी. चट्ट्यांवरच असताना पकडला तर माणूस आपलं आयुष्य जगतो. पुढे गेला तर काही सांगता येत नाही. मी तो पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिला होता. काचेवर एकदाही पाहिला नव्हता. आणि माझ्यासमोर ती जाड कड होती.

मी ताईला काही बोलले नाही. त्या मलमवाल्या, म्हणजे कातडीच्या डॉक्टरांना मात्र चिठ्ठी लिहिली, आणि पुढच्या तारखेला तिच्याबरोबर गेले. चांगले गृहस्थ होते. हात धुऊन, चष्मा पुसून, पडद्यामागे गेले आणि जरा वेळाने बाहेर आले ते हसतच.

"डॉक्टर, तुमच्या चिठ्ठीने मी घाबरलो होतो. अहो, पुसट डाग आहेत नुसते. तुमच्या ताई म्हणजे माझ्या सगळ्या रुग्णांत गुणी. जेव्हा येतात तेव्हा बऱ्या झालेल्याच असतात!"

मी आत जाऊन पाहिलं. खरंच. नकाशे फिके पडले होते. ती कड सपाट झाली होती.

"मलम लावता ना नियमित?" त्यांनी विचारलं.

"लावते की," ताई म्हणाली.

"लावत राहा."

मी हट्ट धरला म्हणून त्यांनी एक तुकडा काढला. तो आमच्याच विभागात आला आणि साहेबांनी पाहिला. कागदावर उत्तर: जुनाट त्वचादाह, विशेष काही नाही. मीही काच पाहिली. विशेष काही नव्हतं. थोड्या पेशी इकडे तिकडे पांगलेल्या, जत्रा उठून गेल्यावर मैदानात उरतात तशा.

मग दोन महिन्यांनी मी ताईच्या घरी तिचा हात धरून बसले आणि दाखव म्हटलं. तिने नाही-नाही म्हणत दाखवलं. चट्टे पुन्हा तसेच! लाल, सुरकुतलेले, आणि कड पहिल्यापेक्षा जाड. मी धावत जाऊन तारीख घेतली. तारीख मिळाली ती महिन्याभरानंतरची. तारखेला गेलो, तर पुन्हा पुसट डाग. पुन्हा तुकडा, पुन्हा तेच उत्तर.

तुम्हाला सांगते, मला वेड लागायची पाळी आली. असा कसला रोग, जो घरी असतो आणि दवाखान्याची पायरी चढताना उतरून जातो? मलमवाले डॉक्टर माझ्याशी अधिकच गोड बोलू लागले, म्हणजे घाबरट नातेवाइकांशी बोलतात तसं. "तुम्ही काचवाल्या लोकांनी कातडी आमच्यावर सोडावी," एकदा म्हणाले.

तिसरा तुकडा मी साहेबांच्या समोर बसून पाहिला. या वेळी वरच्या थराच्या तळाशी मला दोन पेशी दिसल्या. गडद, वाजवीपेक्षा मोठ्या, वर चढून आल्यासारख्या.

"साहेब, या बघा ना."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळा काढला. "दोन आहेत."

"पण आहेत."

"डॉक्टरीणबाई, शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे चालत नाही."

आपला धंदाच तो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. कातडीच्या एका शितावरून सबंध माणसाची परीक्षा करायची, दुसरं काय करतो आपण? पण मी म्हणाले, "चट्टे मी डोळ्यांनी पाहिलेत, साहेब."

"तुम्ही बहिणीला पाहिलंय. मी काच पाहतोय. काचेवर जे आहे ते मी लिहितो. नातं लिहीत नाही." आणि त्यांनी लिहिलं: विशेष काही नाही.

ते चूक नव्हते, हाच तर वैताग होता. कुणीच चूक नव्हतं. मलमवाले डॉक्टर समोर दिसेल ते सांगत होते, साहेब भिंगातून दिसेल ते लिहीत होते, आणि ताईची कड वाढत होती. त्या दिवशी मी विभागाच्या जिन्यात उभी राहून भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी दिवसभर पाय फरफटत हिंडले.

शेवटी ताईनेच पाय रोवले. "बास. आता एक तुकडा मिळणार नाही. तीन वेळा कापलंत. माझी चिंधी चिंधी करून उशीत भरायचीय का तुम्हाला?"

"ताई, एकदाच अजून."

"एकदाच, एकदाच! लहानपणी गोळी मागायचीस तश्शी. दोन मोठे डॉक्टर म्हणतायत काही नाही, आणि ही एवढीशी म्हणते आहे. कुणाचं ऐकू?"

"माझं ऐक."

"तुझी वेणी मी घालत होते, धाकटे."

भाऊजींनी जमिनीवर पाय दाबला. या वेळी तो ब्रेक माझ्यासाठी होता.

ठरलेली तारीख मात्र तिने मोडली नाही. दिलेली वेळ मोडणं तिच्या रक्तात नव्हतं. "नुसतं दाखवून येऊ, पण सुरी लावू देणार नाही," या बोलीवर ती तयार होती. तारखेच्या आधीच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. ती स्वयंपाकघरात होती. भाऊजी वर्तमानपत्राआडून ओरडले, "अगं, डॉक्टरांची तारीख जवळ आली वाटतं!"

"का हो?" मी विचारलं.

"सबंध घराला वास सुटलाय की मलमाचा. तारखेआधी आठ दिवस हे असंच. एरवी ती नळी वरच्या फडताळात, कपबश्यांच्या मागे. मला एकदा पाठीला मुंगी चावली तर नखभर दिलं नाही हिने. म्हणे, ते कडक औषध आहे, उगाच संपवायचं नाही."

मी हातातला पेला खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

"ताई, तू मलम रोज लावत नाहीस?"

"रोज कशाला? कडक असतं ते. साधं तेल लावते एरवी."

"आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी?"

"तेव्हा लावते ना चांगलं. सकाळ-संध्याकाळ."

"का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाहुणे यायच्या आधी घर का झाडायचं, असं विचारलं होतं. "का म्हणजे? परका पुरुष तो. एवढा मोठा डॉक्टर, हात धुऊन तपासायला येतो. त्याच्यासमोर तो पसारा घेऊन जाऊ?"

"तू डॉक्टरकडे *आवरून* जातेस?"

"मग! तू नखं न कापता जात असशील. मी नाही."

मला हसू येईना आणि रडूही येईना. तोंडातून नुसता आवाज निघाला, प्रेशर गेलेल्या नळासारखा. तीन तुकडे! तीन वेळा तिने कातडी कापून घेतली, आणि तिन्ही वेळा त्या मलमाने आधीच पेशी पिटाळून लावल्या होत्या. साहेबांना मैदान दिसत होतं ते जत्रा उठल्यानंतरचंच. डॉक्टरांनी विचारलं होतं मलम लावता ना, ती म्हणाली होती लावते. दोघंही खरं बोलले होते.

मी ओरडले. खूप ओरडले. इतक्या वर्षांत मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ती हातातलं फडकं घट्ट धरून उभी होती. भाऊजी दारात आले, पण पाय दाबला नाही त्यांनी.

"तुझ्या चादरी!" मी म्हटलं. "तुझ्या त्या—" आणि पुढचं मला सुचेना, इतकी मी चिडले होते.

ताईने फडक्याची घडी घातली. मग उलगडली. मग खुर्चीवर बसली. कातडी कापून घेताना जिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, तिचा चेहरा उतरला.

"पाणी लावून आणली," ती हळूच म्हणाली. "मीच माझ्या हाताखाली असते तर घरी पाठवलं असतं मला."

मी डॉक्टरांकडून तारीख महिन्याने पुढे ढकलून घेतली आणि तोवर मलम पूर्ण बंद करायचं ठरलं. बोलायला सोपं होतं. तो महिना तिने कसा काढला, ते मी पाहिलंय. खाज इतकी, की रात्रीची झोप गेली आणि दिवसा ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या बसल्या पेंगू लागली. पण खाजेपेक्षा तिला दुसरं सोसवत नव्हतं. अंगावर ते सगळं उघडं पडू द्यायचं, आणि मग तसंच उचलून परक्या माणसासमोर न्यायचं. "बिनइस्त्रीची चादर मालकाच्या पलंगावर घालायची," ती म्हणे. मलमाची नळी तिने स्वतःहून माझ्या स्वाधीन केली होती. "घरात राहिली तर हात जाईल माझा." मधेच एकदा ती रुग्णालयात आली, माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "थोडंसं, फक्त कडेला?" मी नाही म्हणाले. ती वळून गेली. मला तिच्या पाठीमागे धावावंसं वाटलं, पण मी ड्रॉवरला कुलूप लावून त्यावर हात ठेवून बसले.

नव्या तारखेला मलमवाले डॉक्टर पडद्यामागे गेले. या वेळी हसू ऐकू आलं नाही. मग त्यांचा आवाज आला, "बाई, हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलंत?"

आणि ताईचा, "तुम्ही काय म्हणाल म्हणून."

त्यांनी दोन जागांचे तुकडे घेतले, एक जुन्या चट्ट्याचा आणि एक जाड कडेचा. ताईने सुरीला या वेळी आडकाठी केली नाही.

काच आली त्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि नव्या मायक्रोस्कोपसमोरच्या स्वतःच्या खुर्चीतून उठले. "बसा," म्हणाले. त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले ती अशी.

सगळं होतं. पुस्तकात होतं तसं, आणि पुस्तकापेक्षा स्पष्ट. कातडीच्या वरच्या थराच्या तळाला त्या पेशी ओळीने लागलेल्या, रांगेत उभ्या असल्यासारख्या, प्रत्येकीभोवती पांढरं कडं. केंद्रकं गडद आणि वळ्यावळ्यांची, अक्रोडाच्या गरासारखी. वर, थराच्या आत, तीन-चार पेशींचे घोळके छोट्याशा पोकळीत दाटीवाटीने बसलेले. आणि साध्या त्वचादाहात आजूबाजूच्या पेशींमध्ये पाणी भरून जशा फटी पडतात, तशी सूज जवळजवळ नव्हतीच. पाहुणे घुसले होते आणि घराने दारसुद्धा वाजू दिलं नव्हतं.

इतके महिने ज्या काचेसाठी मी भांडले, ती समोर होती. मी जिंकले होते. आणि मला ती काच फेकून द्यावीशी वाटत होती.

साहेबांनी कागद ओढला आणि लिहिलं: मायकोसिस फंगॉइडिस. कातडीचा लिम्फोमा. चट्ट्यांच्या पुढे गेलेला, थर धरू लागलेला.

"साहेब, तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ते काचेवर दिसत नाही," ते म्हणाले. मला ते वाक्य तेव्हा क्रूर वाटलं. अजूनही वाटतं, पण दुसरं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा भाऊजींनी कागद हातात घेऊन नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले, "नावात फंगस आहे. म्हणजे बुरशी?"

"बुरशी नाही. जुन्या काळी कुणाला तरी गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं."

"म्हणजे पहिल्यापासूनच कुणी नीट पाहिलेलं नाही," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

उपचार दूरच्या मोठ्या रुग्णालयात झाले. आधी गोळी घ्यायची, मग काळा चष्मा लावून, उभ्या नळ्यांच्या कपाटात निळसर उजेडात उभं राहायचं. ताई म्हणे, "टॉवेल वाळवायच्या कपाटात घालतात मला. घडी तेवढी घालत नाहीत." वर्षभरात चट्टे गेले. काही वर्षांनी परत आले, परत गेले. असं ते येणं-जाणं चालू राहिलं.

साहेब निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. जाताना नव्या मायक्रोस्कोपचं कापडी झाकण मला देऊन गेले. मायक्रोस्कोप रुग्णालयाचा होता, झाकण त्यांनी स्वतः शिवून घेतलं होतं. मलमवाल्या डॉक्टरांनी त्यानंतर आपला प्रश्न बदलला. "मलम लावता ना?" हे सोडून ते प्रत्येकाला विचारू लागले, "शेवटचं कधी लावलं?" त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आजही तेच विचारतात, असं ऐकते, का ते त्यांना ठाऊक नसावं. भाऊजी एका सकाळी शिकवायच्या गाडीतच गेले. शिकणारी मुलगी सांगत होती, छातीवर हात गेला तरी त्यांनी आधी ब्रेक दाबला, गाडी कडेला थांबली. हॉटेल पाडून तिथे दुसरं काही उभं राहिलं. मी पुढे त्या विभागाची प्रमुख झाले, साहेबांच्या खुर्चीत बसले, आणि त्या रोगाच्या आणखी काही काचा पाहिल्या. त्यांतली एकही मी पहिल्या नजरेत सोडली नाही.

ताई आणखी एकोणीस वर्षं जगली. शेवटच्या दोन वर्षांत रोगाने पाय पसरले. त्या कडेच्या जागी गाठ आली, मग काखेत, जांघेत. तपासणीच्या दिवशी ती कडक इस्त्रीचे कपडे घालून जाई आणि आत कशाला हात लावत नसे. "पाणी न लावता आणलंय, बघा," असं डॉक्टरांना सांगे.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्याकडेच राहायला गेले. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "उद्या डॉक्टर यायचेत ना?"

"हो."

"मग माझे केस विंचरू नकोस हं, धाकटे. आहे तसं बघू दे त्यांना."

मी हो म्हणाले. मग वरच्या फडताळातून तिची चांगली फणी काढली आणि तिचे केस विंचरले.